या ना एकदा घरी

२ जानेवारी १९७३, मंगळवार

आलो एकदाचे पुण्याहून नागपूरला! तिकडं माणसं भाजून निघतात म्हणून सासूबाईंनी निघेपर्यंत घोर लावला होता. इथं तर सकाळी दात वाजताहेत. रामदासपेठेत दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला फाटक. नीलाला पाचवा लागलाय, तेव्हा जिने नकोत ही माझी एकच अट होती. सामान उतरायच्या आत शेजारच्या कुसुमताई तर्रीपोहे घेऊन हजर. "नवीन लोकायनं उपाशी काहून राहावं वं?" म्हणाल्या. नीला तेव्हापासून हसतेच आहे.

ज्या फोटो स्टुडिओत नोकरी धरली, त्याचे मालक गणपतराव भले गृहस्थ आहेत. त्यांनी आपला जुना जर्मन कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. दोन भिंगांची पेटी आहे; वरच्या भिंगातून बघायचं, फोटो खालचं काढतं. पोटाशी धरायची, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. चित्र मोठं सुरेख दिसतं, फक्त डावं ते उजवीकडं. पहिलं काम जरीपटक्याच्या ओमप्रकाशजींचं. कापडाच्या दुकानात भिंतभर लावायला त्यांना डोंगराचा फोटो हवाय. रविवारी ते स्वतःच सोबत येणार.

७ जानेवारी, रविवार

पाय गेले कामातून. कुहीच्या पुढं एस.टी.नं, मग टेकडी. किती राहिलं विचारलं की ओमप्रकाशजी दर वेळी "बस, आलंच" म्हणतात. त्यांच्या हातात नुसता डबा, माझ्या गळ्यात ते धूड आणि खांद्यावर स्टँड. वाट दाखवायला गावचे बळीराम होते. पायथ्याशी त्यांनी बजावलं, "वर कोणाले 'या' म्हणू नोका. हातानं बोलवा." आणि खरंच, पुढं गेलेला हा माणूस आम्हांला मुक्यासारखा हातवारे करून बोलवत होता. मला हसू आवरेना.

वर पोचेतो ऊन डोक्यावर आणि समोरचे डोंगर धुरकट. चडफडत चार-दोन फोटो उरकले. ते दोघं उतरायला लागले, मी स्टँड मिटत मागं राहिलो. खडकावर एक म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, पांढरं पागोटं, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. माझाही काढा म्हणाला. काढला. मग म्हणाला, "हे मले भेटन का?" फोटोवाल्याला हा प्रश्न नेहमीचा आणि उत्तरही नेहमीचंच. तोंडातून निघून गेलं, "हो तर! या ना एकदा घरी, रामदासपेठेत." अस्सल पुणेरी आमंत्रण, येणाऱ्यानं मनावर घ्यायचं नसतं ते. त्यानं घेतलं. "बोलावलं तं येतो मंग," म्हणाला. बळीरामचं बजावणं मला एस.टी.त बसल्यावर आठवलं. आठवून पुन्हा हसलो.

९ जानेवारी, मंगळवार

रोल धुतला. डोंगर म्हणजे ताकात बुडवलेले. ओमप्रकाशजींनी तोंड वाकडं केलं, त्यांचं काय चुकलं? पण दुसरीच गंमत अशी की खडक लख्ख आलाय आणि म्हातारा नाही. गणपतरावांनी विचारलं, मान खाली घालून तुम्ही पाहून काय राहिले होते? स्टुडिओभर हशा. अहो, दोन भिंगांत बोटभर फरक पडतो हे मलाही कळतं. बोटभर! त्यात अख्खा माणूस गळत नाही. दिवसभर डोकं फिरलेलं आहे.

११ जानेवारी, गुरुवार

गणपतरावांनी सरावाला जुना रोल दिला, शाळकरी पोराला पाटी द्यावी तसा. अंगणात उभा राहून काचेत पाहिलं. फाटक, पारिजातक, कुसुमताईंची भिंत. आणि कोपऱ्यात पांढरं काहीतरी. काच पुसली, गेलं नाही. कॅमेरा वळवला, तसं फाटक सरकलं, झाड सरकलं, भिंत सरकली. पांढरं जागच्या जागी. नीट पाहिलं तर ते पागोटं होतं, आणि पागोट्याखाली तो गुळगुळीत चेहरा.

भिंगासमोरची वस्तू कॅमेरा वळवला की सरकणारच. जी सरकत नाही ती समोर नसते. ती वरून काचेत पडलेली असते, आपल्याच डोक्याची पडते तशी. म्हणजे कोणीतरी माझ्या खांद्यावरून वाकून काचेत बघत होतं.

मागं वळलो. कोणी नाही. फोटोत काही यायचं नाही हे मला ठाऊक आहे, तो भिंगासमोर नाहीच. आता हे गणपतरावांना पटवायचं कसं?

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. नीलाला खोटं सांगून कुहीकडं गेलो. बळीराम शेतात होते. मी सांगितलं तसे मटकन बांधावर बसले. म्हणाले, "तुम्ही त्याले दारापावतर आणलं गा. आत घेनं घरच्या बाईच्या हाती रायते. तिनं या म्हटलं का तो येते अन् बसते. मंग उठत नाही. तो बसला का घरातलं एक माणूस उठते." उठते म्हणजे काय हे मी विचारलं नाही. त्यांची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली, एवढंच ते पुढं बोलले. त्यांच्या आईनं त्याला पाहुणा म्हणून घरात घेतला होता.

उपाय विचारला. नाही म्हणाले. या म्हणू नका, बस. एवढा साधा उपाय आणि मी परतीच्या वाटेवर रडकुंडीला आलो. कारण शुक्रवारी नीलाचं हळदीकुंकू आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

कडाक्याचं भांडण. अख्ख्या आळीला आमंत्रण गेलंय, तिळगूळ वळून झालाय, आणि मी म्हणतो दारात कोणाला या म्हणू नकोस! नीला म्हणाली, मग काय म्हणू, चालते व्हा? सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता हेच वाईट झालं. ताप असता तर ऐकलं तरी असतं.

कॅमेरा गणपतरावांना परत करायला गेलो. घेईनात. डोंगराचा फोटो द्या, मग कॅमेरा द्या.

१७ जानेवारी, बुधवार

चेहरा कोपऱ्यात नाही आता. मधोमध. जवळ. काचेत माझा कान दिसतो, आणि त्याचे ओठ —

कॅमेरा बंद करून ट्रंकेत ठेवला. मग मोरीत तोंड धुताना बादलीतल्या पाण्यात बघितलं. बघायला नको होतं.

१८ जानेवारी, गुरुवार

नीला सकाळी फाटकाशी उभी. कोणाशी बोलत होतीस? कोणी म्हातारेसे होते म्हणे, पत्ता विचारत होते. पुढं काय बोललीस? काही नाही, दूध उतू जात होतं, आत आले.

दूध उतू गेलं म्हणून वाचलो. किती दिवस उतू जाणार?

रडलो तिच्यासमोर. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा. तेव्हा कुठं घाबरली. शेवटी कबूल झाली: उद्या दारात कुसुमताई उभ्या राहतील, या त्या म्हणतील. नीला नुसती हसेल. पोटावर हात ठेवून शपथ घेतली तिनं. मी घ्यायला लावली. लाज वाटते, पण लावली.

१९ जानेवारी, शुक्रवार, दुपार

ट्रंक उघडली. राहवेना. काचेत तो नाही! बादलीत नाही, आरशात नाही. खांदा हलका वाटतो. गेला. चुकून का होईना, गेला!

संध्याकाळ

बायका येताहेत. कुसुमताई दारात, नीला मागं हिरव्या साडीत, नुसती हसतेय. शहाणी माझी. म्हणाली, आता तरी माझा एक फोटो काढा. कॅमेरा घेऊन अंगणात गेलो. काचेत नीला, दार, बायकांची रांग फाटकापर्यंत. नीला मधोमध यावी म्हणून जरा वळलो.

नीला सरकली. दार सरकलं. रांग सरकली. रांगेच्या शेवटी पांढरं पागोटं — तेही सरकलं.

समोर आहे. आता तो समोर आहे.

मान वर केली. फाटकाशी बायकाच.

आत येऊन बसलोय. पुढच्या खोलीत बायकांची दाटी, दारापर्यंत जाता येत नाही. हाका मारल्या, गलक्यात विरल्या. कुसुमताई दारात आहेत, एवढंच लिहून धीर धरतोय —

कुसुमताईंचा आवाज येत नाही. वाण संपलं, आणायला घरी गेल्या. दारात कोण मग —

नीला ओरडून सांगतेय. अहो, ते कालचे आजोबा आलेत, फोटो न्यायला. तुम्हीच बोलावलं म्हणतात. बायकांत अवघडून उभे आहेत बिचारे, एवढ्या वडील माणसाला हातानं कसं बोलवू, नुसतं एकदाच —

नीला नको, नी