वीस पावलांचं घर

प्रिय आप्पा,

उद्या सकाळी मेस्त्री चुन्याची फक्की टाकून नव्या घराच्या रेषा आखणार आहेत. मग पाया खणतील, आणि मग कोणाचंच काही चालणार नाही. म्हणून तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी हे पत्र लिहितेय. माझं ऐकायला दुसरं कोण आहे?

जुनं घर उतरवलं. आई, दादा, वहिनी आणि मी अंगणातल्या मांडवात राहतो. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलेली मापं दादानं मेस्त्रींच्या हातात दिली. ओटी चार पावलं, माजघर सात, स्वयंपाकघर पाच. त्याच्या मागे सुमनची खोली, चार.

तुमच्या अक्षरात माझं नाव पाहिलं आणि मी मांडवामागे जाऊन रडले. नेरळहून, सासर सोडून कायमची आले त्या दिवशी तुम्ही एक शब्द विचारला नव्हता. मला वाटायचं, रागावलात. सांगायचं तरी होतं ना आप्पा!

आणि पावलांत का लिहिलंत? मेस्त्री उंच, त्यांची ढांग लांब. ओटीपासून मोजत निघाले ते स्वयंपाकघर संपलं तेव्हा थेट कुंपणाला भिडले. "खोली काय शेजाऱ्याच्या शेतात बांधू?" म्हणाले.

मी म्हटलं, सगळंच थोडं थोडं आखूड करा. दादा म्हणाला, "आप्पांचं माप मोडायचं नाय. खोली ऱ्हाऊ दे. सुमी आईजवळ माजघरात झोपंल."

तुमच्या शब्दाला मान देऊन त्यानं मलाच वगळलं. तो वाईट नाही, मलाही कळतं. पण मी बत्तीस वर्षांची आहे. आयुष्यभर कोणाच्या मर्जीनं उठू-बसू? नेरळला मी परत जाऊ शकत नाही. तुम्हांला ते न विचारता कळलं होतं.

आज सकाळी भाकऱ्या थापताना आई म्हणाली, "मेस्त्रीची ढांग आन तुज्या आप्पांचं पाऊल येक हाय का गं? ते तर बाजारातबी स्लीपरं मोजल्यासारखं चालायचं."

मी तशीच उठले. पळसदरीच्या रेल्वेलाइनीवर पंचवीस वर्षं तुम्ही कीमन होता, रोज रूळ तपासत, रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत; तेच तुमचं पाऊल. विहिरीचा दोर घेऊन मी लाइनीवर गेले. तुमच्या गँगमधल्या माणसांनी मला ओळखलं, गाडी नाही ना ते पाहिलं आणि दोराचं एक टोक धरलं. वीस स्लीपर मोजून गाठ मारली. अंगणात येऊन दोर पसरला, तर गाठ कुंपणाच्या दोन हात अलीकडे आली. सगळं बसतंय आप्पा. माझी खोलीसुद्धा.

दादानं दोर पाहिला. "दोरावर कुटं घरं बांधतात गं? मेस्त्रीचं आयकू," म्हणाला आणि चालता झाला. मी दोर गुंडाळून ठेवला. तुमच्याकडेही मी कधी काही मागितलं नाही, ती सवय आता माझ्या जिवावर उठलीय.

पण तुम्हांला शब्द देते. उद्या उजाडताच त्या चार पावलांच्या जागेत मी जाऊन बसणार. मेस्त्री येतील, दादा ओरडेल, सगळं गाव बघेल. माझ्या चारी बाजूंनी रेष पडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुमची,
सुमन