कोनाड्यातला कप

५ फेब्रुवारी १९७९, रहाटणी
विद्यार्थ्यांच्या दौऱ्यासाठी निवड झाली. सहा जणांत मी. मे महिन्यात पश्चिम जर्मनी, तीन आठवडे. ज्यूंना जिथं कोंडून मारलं त्या छावण्या बघायच्या, तिथल्या पोरांशी बोलायचं. सुधाकर सातवा, म्हणजे कुणी गळालं तर तो. मला जर्मन त्यानंच शिकवलं आणि नंबर माझा लागला. आईनं गावात पेढे वाटले. बौद्धवस्तीत, सुधाकरकडं, गेले नाहीत.

१० फेब्रु.
कॉलेजात सत्कार. प्राचार्यांनी माझी मुलाखतच माईकवरून सांगितली. प्रश्न होता, माणसाला माणसापासून वेगळं काढलेलं तू कुठं पाहिलंस? मी ठोकून दिलं होतं: आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात वस्तीतल्या लोकांसाठी वेगळा कप असायचा, आमच्या वडिलांनी, आण्णांनी, तो चारचौघांत फोडला.
कप तिथंच आहे. निळ्या काठाचा, कान तुटलेला, पालथा.
तिसऱ्या बाकावर सुधाकर. तोही टाळ्या वाजवत होता.

१२ फेब्रु.
रोजच्यासारखं सायकलीवर बरोबर आलो. पिंपरीच्या फाटकापाशी पोचलो. कंपनीचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली, गर्दीत थांबावं लागलं. तेव्हा सुधाकर म्हणाला, "आण्णांनी फोडला व्हय? मग दिवाळीला मी कशातून प्यायलो?"
मी म्हणालो, दुसरा असेल. दुसरा! लाज कशी वाटली नाही.
"मीच तर विसळून ठेवला," म्हणाला आणि हसला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रु.
प्राचार्य सरांनी दिलेलं पुस्तक वाचतोय. छावणीजवळच्या गावातले लोक नंतर म्हणाले, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. मी समासात झोकात लिहिलं, "असं कसं ठाऊक नव्हतं?" मग खोडलं.
आमचा कप आणि छावणीतल्या भट्ट्या एक नव्हेत, एवढी अक्कल आहे. पण मला तर ठाऊक होतं. लहानपणी सुधाकरच्या आज्याला चहा मीच न्यायचो. हातात द्यायचा नाही, ओट्यावर ठेवायचा. नीट ठेवला की आई शहाणा म्हणायची.

२६ फेब्रु.
चिठ्ठी लिहिली. सर, मुलाखतीत मी खोटं बोललो, माझ्या जागी सुधाकरला पाठवा. बस, एवढंच. सरांच्या टेबलापर्यंत गेलो. "काय रे?" म्हणाले. मी विचारलं, पासपोर्टचे फोटो किती लागतील.
भित्रा. दुसरा शब्द नाही.

४ मार्च
सुधाकर घरी आला. त्याच्या आईनं माझ्यासाठी स्वेटर विणलाय, तिकडं गारठा असतो म्हणून. ह्या माउलीला त्यानं काहीच सांगितलेलं नाही.
आई चुलीपासून म्हणाली, "दत्तू, त्याचा कप काढ रं."
गोठ्यात गेलो. कप हातात घेतला. वाटलं, घालावा दगडावर. मग डोक्यात आलं, आता फोडला तर माझंच खोटं खरं होणार. कप तसाच घरात आणला.
शेवटी त्यात माझा चहा ओतला आणि घरातला स्टीलचा पेला सुधाकरला दिला. आई नुसती बघत राहिली. आण्णा उठून मळ्याकडं गेले.
सुधाकर हळूच म्हणाला, "हे पण सांगणार का तिकडं?"
मी त्या कपातला चहा प्यायलो. त्यानं सवयीनं पेला विसळला, आणि कुठं ठेवायचा कळेना म्हणून हातात धरून उभा राहिला. मी घेतला त्याच्याकडून.
उद्या अकराला पासपोर्टच्या अर्जावर सरांची सही. चिठ्ठी अजून सदऱ्याच्या खिशातच.
स्वेटर घालून बघितला. बरोबर बसला. मापाला सुधाकरनं स्वतःचाच सदरा दिला होता म्हणे, आमचं दोघांचं माप एकच आहे.