उभ्या विमानात वारा कुठून?

प्रिय आत्या,

उद्या संध्याकाळपर्यंत विमानवाल्याला उत्तर द्यायचंय आणि घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. म्हणून लिहायला बसलोय. पप्पा तर सरळ म्हणाले, तुला तिनं हाताखाली घेतलं होतं, तूच सांग कुठलं विमान घ्यायचं ते. हाताखाली म्हणजे काय, शिव्या खायला! निदान एवढं एक ठरवून तरी जायचं होतंस ना गं?

रविवारी कबरीवर आलो होतो. पण पप्पा शेजारी उभे, मागे चर्चची चार माणसं. त्यांच्यासमोर तुझ्याशी विमानाचं काय बोलणार? फुलं ठेवली आणि आलो.

तुला आठवतं, सेकंड इयरला सरांशी भांडून मी कॉलेज सोडून आलो तो दिवस? घरात कुणी माझ्याशी बोलेना. तू फक्त विचारलंस, जेवलास का. मग म्हणालीस, संगमनेरला पिल्लं भरायला गाडी चाललीय, चल बस. ना उपदेश, ना चौकशी. तुझ्या तीन टेम्पोंतल्या सगळ्यात खडखड्या टेम्पोत मला बसवलंस आणि रात्रभर माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरलीस.

परत येताना मी ढाब्यापाशी म्हटलं, चहा घेऊ. तू थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलंस. "चाक थांबलं की आत वारं येत न्हाई, रुब्या. तुझा च्या लई महागात पडंल." मागे खोक्यांमधून कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांची चिवचिव चालली होती. बाकीचे सगळे ट्रान्सपोर्टवाले त्यांना माल म्हणतात. तू म्हणायचीस पॅशिंजर. ड्रायव्हर लोक तुझ्या पाठीमागे हसायचे, हे तुला माहीत होतं का? मी एकाशी त्यावरून मारामारी केली होती. तुला सांगितलं नव्हतं, नाहीतर तू त्याचीच बाजू घेतली असतीस.

गेल्या मे महिन्यातलं मात्र आठवायला नको वाटतं. रायपूरची फेरी होती. नागपूरच्या पुढे कुणाचा तरी ट्रक उलटला, रस्ता बंद, वरून ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आपण दोघांनी खोकी खाली उतरवली आणि पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन वारा घालत बसलो. हात भरून आले. चिवचिव कमी कमी होत गेली तशी तू जास्तच जोरानं वारा घालत गेलीस. रस्ता मोकळा झाला तेव्हा गाडीत घाई करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. घरी येईपर्यंत तू एकच वाक्य बोललीस, "रायपूरची आता उडवतच न्यायची." मला वाटलं, ऊन बाधलं हिला!

पण तू खरंच विमानवाल्याला फोन लावलास. पहिल्या भेटीत तू त्याला विचारलंस, मधे कुठं थांबत तर नाही ना? तो हसला. मी त्याची कॉलर धरायच्या बेतात होतो, तू माझं कोपर घट्ट दाबून धरलंस. नंतर तू त्याला असंही सांगितलंस की वर हवा विरळ असते, तेव्हा खालून खालून न्या. तेव्हा तर मलाही हसू आलं. त्या माणसानं या खेपेला मात्र न हसता तुला सगळं नीट समजावलं, किती उंचीवर पिल्लांना काही होत नाही, ऊब कशी देतात ते. तू ते पटवून घेतलंस आणि मग पुन्हा मूळ पदावर आलीस. "वरचं ऱ्हाऊ द्या. दार लावल्यापासून उडस्तोवर हे उभंच असतंय ना? तवर आत वारं कुठून?"

तो म्हणाला, सोडायला कधी वेळ लागतो कधी नाही, वरून परवानगी मिळेल तसं. बघून घ्या, दोन विमानं आहेत माझ्याकडे.

पहिलं आपण दोघांनी बघितलं. शिर्डीजवळच्या विमानतळावर उभं होतं, एका इंजिनाचं, छोटं, गोंडस. चालवायला एक माणूस आणि त्याच्या शेजारची सीट रिकामी. आठवड्याला तीन फेऱ्या परवडतील असं. मला दुसरं काही दिसलंच नाही. सीट दिसली आणि सीटपलीकडे रायपूर दिसलं. रायपूरला कोण आहे हे तुला सांगायची गरजच नव्हती. कीर्ती संगमनेरच्या हॅचरीत पिल्लांना लस द्यायची तेव्हापासून तू मला बघत होतीस. तिला तिकडे मोठ्या फार्मवर नोकरी लागली आणि मी दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा माझं ताट तूच झाकून ठेवलं होतंस.

"इमान कुणासाठी बघाय आलोय आपण?" तू विचारलंस. "पॅशिंजर कोण हाय ह्यात, पिल्लं का तू?"

मी फणकाऱ्यानं गाडीत जाऊन बसलो. तेवढ्यात तू काय केलंस, तर विमानात चढलीस, दार लावून घेतलंस आणि रिकाम्या खोक्यांत मांडी घालून बसलीस. बाहेर आलीस ती घामानं थबथबून, पदर अंगाला चिकटलेला. पाणी मागितलंस. एवढंच म्हणालीस, दुसरं पण बघू. आणि दुसरं येण्याआधीच, पुढच्याच आठवड्यात... डॉक्टर म्हणाले दुखणं जुनं होतं, त्या दिवसाचा काही संबंध नाही. मग जुनं दुखणं आम्हाला का नाही गं सांगितलंस?

काल मी एकटा गेलो. पिल्लांचं एक खोकं बरोबर घेतलं. आधी छोट्या विमानात बसलो, दार लावून. थोड्याच वेळात पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून लांब धरून. मी दार उघडलं. त्यांना सावलीत बसवून थंड केलं आणि मग दुसऱ्यात गेलो. हे दोन इंजिनांचं. इंजिनं बंद असतानाही त्यातल्या वेगळ्या यंत्रावर आत गार हवा खेळती राहते. अंधारात बसून ऐकत राहिलो. चिवचिव एकसारखी चालू. काही तर चक्क झोपली.

पण हे महाग आहे. आठवड्याला एकच फेरी जमेल. आणि चालवायला दोन माणसं लागतात, म्हणजे ती सीट नाही.

खरं सांगू? येताना सगळा रस्ता मी छोट्याची वकिली करत आलो. पहाटे उडवलं तर? परवानगी लगेच मिळाली तर? खोकी कमी भरली तर? प्रत्येक 'तर'च्या शेवटी कीर्तीच उभी होती. तिला तीनदा फोन केला तर एकदा उचलते, काल पहिल्याच रिंगला उचलला. दोन्ही विमानांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन इंजिनांचंच घे." मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मग तू कधी येणार?"

आत्या, वर्षभरात तिनं हे पहिल्यांदा विचारलं! आणि नेमकं आत्ता!

तर ऐक. उद्या मी दोन इंजिनांचं विमान सांगतोय. पप्पा खर्चावरून कुरकुर करतील, त्यांच्याशी भांडणार नाही, समजावीन. पिल्लं गारव्यात जातील. आणि रायपूरला मी जाईन ते रेल्वेनं, स्वतःच्या तिकिटावर, जनरलच्या डब्यात उभं राहावं लागलं तरी. तिच्या दारात पोचेन तेव्हा बरोबर एकसुद्धा खोकं नसेल. कशासाठी आलास म्हणून तिनं विचारलं तर सांगायला तिच्याशिवाय दुसरं काही कारण नसेल माझ्याकडे. तेच सांगीन.

तुझा,
रुब्या