खुशालीचं पत्र

२ जून
नोकरी पक्की झाली. कंपनीच्या धनश्री मॅडमनी सकाळी फोनवर सांगितलं: नेवासा केंद्र, लेव्हल तीन, आजच रुजू व्हा. पप्पाला कळवलं तर त्याने राहात्याच्या भर बाजारात आरोळी ठोकली. कार्यालय म्हणजे कांद्याच्या जुन्या गोदामाला काचा बसवल्यात. आत एसी, बाहेर बाभळी. बाहेरच्या टपरीवाल्या झुंबरबाई खिडकीच्या गजांतून चहा देतात, फक्कड.

शेजारी वाल्मिक, मिरजगावचा, लेव्हल चार. निर्णय लेव्हल नऊला होतात आणि एकेक पायरी खाली येतात, असं त्याने समजावलं. "कालव्यावानी हाय. पानी वर सुटतं, शेवटच्या टेलला निस्ती वल येती. आपन टेलचे."

१९ जून
बढतीचा नियम कळला. वरच्या लेव्हलचं काम आधी करून दाखवायचं, मग ती लेव्हल मिळते. म्हणून वाल्मिकची कामं मी करते, तो पाचची करतो. पाचवाले काय करतात, असं विचारलं. सहाची, म्हणाला आणि हसला. त्यांना कधी पाहिलंय का, यावर हसला नाही.

आजच्या यादीत एक सोपं काम होतं: घरच्यांना खुशालीचं पत्र, नमुना. नावाची जागा रिकामी. झकास जमलं.

७ जुलै
वाल्मिकला लेव्हल पाच मिळाली. पेढे वाटले. दुपारी तो वर गेल्याचं धनश्री मॅडमनी कळवलं. डबा मात्र टेबलावरच. झुंबरबाई म्हणाल्या, "वर कुठं, बाई? जिनाच न्हाई. पत्र्यावर टाकी हाय निस्ती."

१६ जुलै
संध्याकाळी वाल्मिकच्या बायकोचा, मनकर्णाचा फोन. नवरा नऊ दिवस घरी नाही, पण निरोप रोज येतो. तो तिला 'मने' म्हणतो. निरोपात 'प्रिय पत्नी' असतं. पोलीस म्हणाले, निरोप येतोय म्हणजे माणूस हरवलेला नाही. तिने निरोप वाचून दाखवला.

शब्द माझे होते.

२१ जुलै
नवी मुलगी आली. संस्कृती, लेव्हल दोन. माझी कामं करून दाखवते. हुशार आहे. यादीतल्या कामाबद्दल काही विचारत नाही — मीही नव्हतं विचारलं.

२४ जुलै, दुपार
मला लेव्हल चार. नको म्हटलं. नकार नऊकडे पाठवलाय म्हणे. राजीनामा दिला. तोही वर गेला.

तशीच निघाले. दार उघडेना. कार्ड लेव्हल तीनचं, आणि मी आता तीन नाही. फोन सकाळीच दारात जमा —

३.४०
संस्कृतीच्या पडद्यावर पाहिलं. 'तीर्थरूप बाबा, मी खुशाल आहे. काम फार आहे.' खाली नाव माझं — रूथ. तिला हलवून सांगितलं, पाठवू नको. ती म्हणाली, नमुनाच आहे ना, ताई?

वही झुंबरबाईंकडे गजांतून देते. राहात्याला पोचवतील. चार वाजता मला न्यायला येणार, असं कळवलंय. कोण, ते नाही.

पप्पा, मी तुला बाबा कधी म्हटलंय का? पत्र आलं तर पोलिसांना सांग, ते माझं —