नव्याण्णव वर्षांचं घर

कॅम्प, नगर
ता. ८ जानेवारी १९४७

चि. आप्पा यास रतनअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, माझा चष्माच बिघडला. सत्तावीस वर्षं साखर कारखान्यात लोकांच्या हजेऱ्या मांडल्यास, आणि आता पेन्शनीत निघताना सुप्याला घर घेणार म्हणतोस! तेही गहाण पडलेलं. म्हणजे घराबरोबर सावकारही पदरात घ्यायचा. विकणारा नूरमहंमद फार सरळ माणूस आहे, त्याने काही लपवलं नाही, असं लिहितोस. लपवण्याजोगं तिथे आहे काय? तीन खोल्या, दगडी भिंती, आणि निम्म्या घरावर छप्परच नाही. पुण्याची मोटार सुप्याला थांबते, ड्रायव्हर चहा पितो आणि मोटार निघून जाते. शहाणी माणसं तिथे उतरत नाहीत.

इकडे माझ्यापासून हाकेच्या अंतरावर शेठजींची नवी इमारत उभी आहे. माडीवरचा दोन खोल्यांचा ब्लॉक तुझ्या फंडात पुरा बसतो, एका पैचं कर्ज नाही. जमीन शेठजींची, भाडेपट्टा तीस वर्षांचा. तू पंचावन्नचा आहेस. पंच्याऐंशीव्या वर्षी पट्टा संपला म्हणून रडायला तू उरणार आहेस का?

माझंच बघ. हीही जमीन त्याच शेठजींची, पण यांनी नव्याण्णव वर्षांचा पट्टा केला आणि त्यावर घर बांधलं. हे जाऊन अकरा वर्षं झाली. एकदाही कुणी दारात उभं राहून वसुली मागितली नाही. आणि दार तरी कसलं! यांना कुठे वाकून शिरणं खपत नसे, म्हणून सहा फूट माणसाला साडेसात फुटी सागवानी दार. तुझी चांगुणा त्याला हत्तीचं दार म्हणते ते मला ठाऊक आहे. तिला म्हणावं, हत्ती गेला, पण दारावर कर्ज नाही.

संध्याकाळी त्या दारात बसते तेव्हा तू वडिलांबरोबर मला पुण्याच्या कॉन्व्हेंटातून सुटीला न्यायला यायचास ते आठवतं. तेव्हा तुझी चड्डी घसरायची; अक्कल अजून घसरते आहे.

राग आला तर येऊ दे, माया आटू देऊ नकोस.
तुझी अक्का

बेलापूर रोड
ता. १९ जानेवारी १९४७

ती. रतनअक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून चांगुणा हसली आणि मी चड्डी सावरली.

गहाणाचं मलाही भय वाटतं. पण नूरमहंमदचं कर्ज मी अंगावर घेतलं तर पेन्शनीतून सात वर्षांत फिटेल, आणि मग पायाखालची माती आपली. चांगुणाचं म्हणणं, माडीवर तुळस लावायची कुठं, शेठच्या डोस्क्यावर? शिवाय वन्संनी एवढं इंग्रजी शिकून स्वतःचा कागुद कधी उघडून बघितलाय का, असं ती लई दिवस विचारतीय. हे तिचे शब्द आहेत, मी फक्त हमाल.

सोबत ब्लॉकच्या पट्ट्याची इंग्रजी नक्कल पाठवतो. मुदत संपल्यावर काय होतं ते वाचून कळव, आणि जमलं तर तुझ्या पट्ट्याशी ताडून बघ. नूरमहंमदला पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे.

सुप्याच्या घरात पूर्वेची एक खोली आहे. सकाळचं ऊन थेट आत येतं. चांगुणा तिला आत्तापासून वन्संची खोली म्हणू लागली आहे. तू रागावशील म्हणून हे शेवटी लिहिलं.

धाकट्यांवर कृपा राहू द्यावी.
आप्पा

कॅम्प, नगर
ता. २ फेब्रुवारी १९४७

चि. आप्पा यास अ. उ. आ.

नक्कल वाचली. ज्याने हे इंग्रजी लिहिलं त्याला आमच्या सिस्टरांनी दिवसभर बाकावर उभं केलं असतं. मुदत संपली की ब्लॉक आहे तसा शेठजींच्या ताब्यात जातो, खिळासुद्धा काढून नेता येत नाही. बरं, मग? वर जाताना खिळे नेणार होतास?

माझा पट्टा ट्रंकेत तळाशी आहे, तिथेच राहील. घरात तीस वर्षं राहिलेल्या बाईला कागद बघून घराची खात्री करावी लागत नाही, असं चांगुणाला सांग. आणि पूर्वेच्या खोलीत तिने कांदे भरावेत. मला माझं घर आहे.

तरीही लोभ आहेच, काय करणार.
अक्का

कॅम्प, नगर
ता. २६ फेब्रुवारी १९४७

चि. आप्पा यास अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. हे पत्र चांगुणाला मोठ्याने वाचून दाखव. तिचा तो हक्क आहे.

काल शेठजींचा माणूस छगन आला आणि म्हणाला, बाई, तीस जूनला तुमची मुदत संपतीय, शेठना हितं मोटारींची शेड घालायचीय. मी त्याला अडाणी म्हटलं. ओट्यावर बसवलं. त्याला लाजवायचं म्हणून ट्रंक उपसून पट्टा काढला आणि मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. तीस वर्षं. नव्याण्णव नव्हे.

आप्पा, ते अक्षर माझं आहे. १९१७ साली वकिलाचा कारकून तापाने पडला, म्हणून यांनी पट्ट्याची नक्कल माझ्याकडून करून घेतली. कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवलं होतं की नक्कल करताना अर्थाकडे बघू नये, अक्षर बिघडतं. मी बघितलं नाही. शेजारच्या बंगल्याचा पट्टा नव्याण्णवचा, आपलाही तसाच, असं हे म्हणाले; आणि ज्या बाईने स्वतःच्या हाताने तीस लिहिलं तिने तीस वर्षं जगाला नव्याण्णव सांगितलं. साऱ्या कॅम्पची इंग्रजी पत्रं वाचून देणारी ही तुझी विदुषी बहीण! जाताना छगन म्हणाला, अक्षर मातर लई सुरेख हाय. जन्मात पहिल्यांदा ही स्तुती थोबाडीत बसली.

शेठजी मुदत वाढवत नाहीत. माझ्या पट्ट्याप्रमाणे दारं, खिडक्या, वासे, कौलं मी काढून नेऊ शकते. झाडं नाही. म्हणजे यांनी लावलेलं सीताफळ शेठजींचं.

ब्लॉक घेऊ नकोस. सुप्याचं घर मला अजूनही आवडत नाही. पण दोन मूर्खपणांतून एक निवडायचाच, तर फेडून संपतो तो निवड. मी गावात एक खोली भाड्याने बघते आहे. पूर्वेच्या खोलीचा विषय काढलास तर पत्र उलट टपाली परत करीन.

हसून झालं की थोडी माया शिल्लक ठेवा.
अक्का

सुपे
ता. २८ मार्च १९४७

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. ती हसली नाही. चुलीपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, वन्संचं सीताफळ लई गोड हुतं.

पाडव्याला खरेदीखत झालं. आता घरही माझं आणि कर्जही. तुझी आज्ञा म्हणून पूर्वेच्या खोलीबद्दल काही लिहीत नाही. फक्त छपराबद्दल लिहितो. लाकूड परमिटावर, तेही मिळत नाही. काळ्या बाजारातून घ्यायचं तर गहाणाची रक्कम वाढवावी लागेल. सावकार तर टपूनच आहे. तुझे वासे आणि कौलं मिळाली तर त्याचं तोंड बघावं लागणार नाही. म्हणून धाकटा भाऊ मोठ्या बहिणीकडे लाकूड मागतो आहे. चांगुणा म्हणते, लाकडाबरोबर त्याची मालकीण आली न्हाई तर लाकूड बी नको, आमी उघड्यावर निजू. तिचा हट्ट तुला माहीत आहे. तो तुझ्याच वळणावर गेला आहे.

एक अडचण आहे. दाजींच्या दाराचं माप मी गावच्या सुताराला, नूरुद्दीन मिस्त्रींना, दिलं. इथली चौकट वीतभर बुटकी आहे. ते म्हणतात, दार वरून वीतभर कापून बसवू, कळणारही नाही. तुला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही, असं मी बजावलं आहे.

तुझ्या होकाराची वाट बघतो, शिव्यांसकट.
आप्पा

कॅम्प, नगर
ता. १२ जून १९४७

चि. आप्पा यास अ. उ. आ.

वासे, कौलं आणि खिडक्या दोन गाड्यांवर आज निघाल्या. दार उद्याच्या गाडीत, आणि त्याच गाडीत मी. मोटारीने येणार नाही. दाराला एकटं सोडवत नाही. चांगुणाला सांग, कांदे दुसरीकडे हलव. आणि तिच्यासाठी सीताफळाच्या बिया पुरचुंडीत बांधल्या आहेत. बियांबद्दल पट्ट्यात काही नाही. या खेपेला शेवटपर्यंत वाचून बघितलं.

सावकाराला माझ्यासमोर आणू नकोस, मी नको ते बोलेन. तुझं गहाणखतही माझ्या हाती दे. अर्थासकट वाचीन, अक्षर बिघडलं तरी चालेल.

नूरुद्दीन मिस्त्रींना माझा निरोप दे, की त्या दारातून एक माणूस वीस वर्षं न वाकता ये-जा करत होता. दाराला करवत लावू नका. भिंत फोडा. गहाण असली तरी आपली आहे.

तुझी अक्का