गाद्यांच्या गोदामातला ‘दुसरा घाव’

३ मार्च
दादाचा फोन, त्याच्या गाद्यांच्या दुकानातून. कुणी आयोजक आपल्या मेटल बँडला बोलावतोय — इतक्या वर्षांनी! औषधांच्या काउंटरमागे मी उडीच मारली. गिऱ्हाईक खोकायचं थांबलं. मग दादा चाचरत म्हणाला, त्याला फक्त पहिल्या अल्बमची गाणी हवीत. आणि गायला आमचा पहिला गायक, डरकाळ्या, हवाय.
म्हणजे मी नको.

४ मार्च
दुसरा अल्बम, ‘दुसरा घाव’, वाईट नव्हता. तो कुणी ऐकलाच नाही, एवढंच! डरकाळ्या दादाशी भांडून निघून गेला, तेव्हा दादाने मला बेस गिटारच्या जोडीला माइकही सोपवला. रेकॉर्डिंग दादाच्या गाद्यांच्या गोदामात, थप्प्यांच्या मधोमध. ड्रमसुद्धा दबकत वाजल्यासारखे आलेत. नेटवर एकाने लिहिलं होतं, बाई उशीत तोंड खुपसून ओरडतेय. आई म्हणाली, शेजाऱ्यांसाठी तेच बरं.
पण गाणी सगळी माझी. शब्दन्‌शब्द.

६ मार्च
डरकाळ्याला बोलवायला तूच जा म्हणे. दादाशी तो अजून बोलत नाही. माझ्याच जागेसाठी मीच आमंत्रण द्यायचं! पण दादाचं तोंड बघवेना. गाद्या विकतो आणि स्वतःला झोप नाही. जाईन.

९ मार्च
गेले. डरकाळ्याचं आता चष्म्यांचं दुकान आहे. एकेकाळी डोळ्यांना काजळ फासून किंचाळणारा हा माणूस एका आजींना विचारत होता, कानामागे टोचत नाही ना? काय तो मऊ आवाज! मी दाराशीच थांबले. आजी गेल्या. तो फ्रेमचा स्क्रू पिळत घशातल्या घशात गुरगुरायला लागला.
माझं गाणं! ‘गंज’. दुसऱ्या कडव्यासकट. मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेत.
माझे डोळे भरून आले. त्याने वर पाहिलं आणि लाजला. मी निरोप सांगितला.
“येईन,” तो म्हणाला, “पण जुन्या गाण्यांचा मला कंटाळा आलाय. ती तू म्हण. दुसरा अल्बम मला दे.”
उद्या-परवा कळवते म्हणून पळाले.

१० मार्च
कुणीतरी ऐकलाय! आणि नेमका ज्याने ऐकावा त्याने. दिवसभर गोळ्या मोजताना हसत होते. पण माझी गाणी त्याला द्यायची?
दादा म्हणतो, देऊन टाक, निदान गाणी लोकांच्या कानावर पडतील. डरकाळ्याचा आवाज माझ्यापेक्षा दांडगा आहे, हे मलाही कळतं. आई कुकर घासत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला गायचंय का?”
गायचंय. खूप गायचंय.

११ मार्च
चष्म्यांच्या दुकानात जाऊन सांगून आले — माझी गाणी मीच गाणार, कोरस तुझा. तो हसून बरं म्हणाला. दादाने आयोजकाला कळवून टाकलंय, डरकाळ्या नक्की येतोय. गाणी कोणती आणि माइक कुणाच्या हातात असेल, ते काही सांगितलेलं नाही.