तारा येतोय की जातोय

वेधशाळा,
९ फेब्रुवारी १९०९

ती. टॅमझिनताईस,

सा. न. वि. वि. इकडे मी बरी आहे. तुझं आणि बाळ केरेन्साचं कसं चाललंय ते कळव. तू पाठवलेला केशराचा केक गाडीवानाने वाटेत निम्मा फस्त केला असावा, असा माझा दाट संशय आहे. उरलेला मी कोणाला दाखवलासुद्धा नाही.

ताई, माझ्या ताऱ्याने माझी झोप उडवली आहे. तू विचारलं होतंस, एवढ्याशा ठिपक्याकडे बघून तुम्हाला कळतं तरी काय? तर ऐक. दुर्बिणीतून आलेला त्याचा उजेड लोलकातून गेला, की फोटोच्या काचेवर एक लांबट पट्टा उमटतो आणि त्यात बारीक रेघा असतात. ताऱ्यात कोणते पदार्थ आहेत, तो किती तापलेला आहे, सगळं त्या रेघा सांगतात. पट्ट्याच्या वर-खाली आम्ही लोखंडाच्या ठिणगीचा उजेड उमटवून घेतो. ते लोखंड इथलंच, कुठे जात-येत नाही. त्याच्या रेघांच्या मानाने ताऱ्याच्या रेघा तांबड्या टोकाकडे सरकल्या तर तारा दूर जातोय, जांभळ्या टोकाकडे सरकल्या तर आपल्याकडे येतोय. माझा तारा कधी येतो, कधी जातो. म्हणजे त्याला कोणीतरी ओढतंय. त्याच्या शेजारी दुसरा तारा आहे, जो आजवर कोणालाच दिसलेला नाही!

आमचे मुख्य, व्हिटलॉक साहेब, यांनी गेल्या महिन्यात हे जाहीर करून टाकलं. महिनाभरात ताऱ्याची एक फेरी पुरी होते म्हणाले. माझं नावही घेतलं आणि जूनपासून मला कायम करायचं कबूल केलं. आणि आता ही नवी काच आली. तिच्यावर तारा जाताना दिसायला हवा होता, तर तो येतोय. साहेब सरळ म्हणाले की मी मोजताना काच उलटी ठेवली. काचेची लेप लावलेली बाजू वर ठेवायची असते. ती खाली गेली की आरशासारखं डाव्याचं उजवं होतं आणि जाणारा तारा येताना दिसतो. अगदी नवशिक्याची चूक, ताई, आणि मला इथे पाच वर्षं झाली. मी पुन्हापुन्हा मोजलं. तारा येतोच आहे.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. ऐकलं तर लगेच माझ्यासाठी हेरून ठेवलेल्या त्या पेंगेलीला रविवारी जेवायला बोलावतील.

लोभ आहे, तो उतू गेला तरी चालेल.

तुझी,
लव्हडे

&nbsp;

ग्रास व्हॅली,
१४ फेब्रुवारी १९०९

चि. लव्हडेस,

अ. उ. आ. पत्र पोचलं. मी बाबांना काही सांगितलं नाही, पण पेंगेली बोलावण्याची वाट कशाला बघतोय? आज आलाच होता. बिचाऱ्याची बायको जाऊन वर्ष झालं, दुकान जोरात चाललंय, आणि आमच्याकडे बसून मांसाचं सारण भरलेल्या तीन पेस्ट्या खाऊन गेला. जाताना तुझी खोली अजून रिकामीच आहे का, असं विचारलं. बाबा म्हणाले, आहे आणि गरमही आहे. आई गेल्यापासून त्यांचं एकच चाललंय, की पोरगी डोंगरावर परक्यांच्या काचा पुसत म्हातारी होणार. काचा पुसत नाही, मोजते, हे मी त्यांना सांगून थकले.

तुझ्या रेघांतलं मला अर्धंच कळलं. पण मला एक सांग. ही काच तू धडपणे ठेवली असशील, तर मग दुसरी एखादी उलटी नसेल कशावरून? तुझ्या हातून होणार नाही म्हणा. लहानपणी कपबशा मांडतानासुद्धा सगळे कान एकाच बाजूला करायचीस, वैताग यायचा. पण नोव्हेंबरात केरेन्साच्या जन्माच्या वेळी तू महिनाभर इथे होतीस. तेव्हा तुझं काम कोण बघत होतं?

जेवत जा. केक पुन्हा पाठवतेय, या वेळी गाडीवानासाठी वेगळा तुकडा बांधलाय. आमची आठवण ठेव, आम्ही ठेवतोच आहोत.

तुझी,
टॅमझिन

&nbsp;

वेधशाळा,
२० फेब्रुवारी १९०९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून नोंदवही उघडली. नोव्हेंबरातली काच स्वतः व्हिटलॉक साहेबांनी मोजली होती.

मी ती कपाटातून काढली, लेपाची बाजू वर ठेवली आणि भिंगातून पाहिलं. साहेबांनी तारा येतोय म्हणून लिहिलंय. तो जातोय, ताई. ती एक काच सुलटी केली की सगळ्या काचा एका ओळीत बसतात, ही नवीसुद्धा. फेरी मात्र महिन्याची राहत नाही, आठवड्याची होते. म्हणजे दुसरा तारा आहेच, पण साहेबांनी जगाला सांगितलं ते चूक.

गप्प बसावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. जून जवळ आलाय. पण रोज त्याच खुर्चीत बसून त्याच काचा बघायच्या, हे जमलं नसतं. काल सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ती काच त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. त्यांच्या हिशेबाने येत्या शुक्रवारी तारा जायला हवा, माझ्या हिशेबाने यायला हवा. म्हणाले, “शुक्रवारी काच काढू आणि दोघंही मोजू. तारा जात असेल, मिस ट्रेम्बाथ, तर तुम्हीही निघा.”

ट्रंक अर्धी भरून ठेवली आहे. बाहेर चार दिवस नुसतं आभाळ आणि बर्फ. ढग हटावेत म्हणून प्रार्थना करते, आणि हटले तर काय निघेल या भीतीने मध्येच थांबते. तारा जात असला तर तार करणार नाही, मीच येईन. येत असला तर तार करीन, पण दोनच शब्दांची. आपल्या तारवाल्याचं तोंड तुला ठाऊक आहे, दुपारपर्यंत खाणीत खालपर्यंत बातमी जाते.

ताई, घरी यायची मला लाज नाही. पण अशी हाकलून दिलेली नको. तुझा लोभ या आठवड्यात जरा जास्तच लागणार आहे.

तुझी,
लव्हडे

&nbsp;

ग्रास व्हॅली,
१ मार्च १९०९

चि. लव्हडेस,

अ. उ. आ., आणि तुझे कान कुठे आहेत? ते आधी पिळायचे आहेत.

शनिवारी तार आली तेव्हा मी केरेन्साला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. सर्दी आहे, काळजी नको. तार बाबांनी फोडली. आत काय, तर “येत आहे.” खाली तुझं नाव. शहाणे, कोण येत आहे ते लिहायला तुझी शाई संपली होती का?

मी घरी आले तर तुझ्या खोलीतली शेगडी पेटलेली, गादी उन्हात, आणि बाबा गुडघ्यांवर बसून तुझ्या पलंगाखालची धूळ काढतायत. लोणी आणायला गेले तेव्हा पेंगेलीलाही सांगून आले होते. मी तार वाचली आणि दारातच उभी राहून रडले, हसलेसुद्धा. बाबांना वाटलं मलाही तेवढाच आनंद झालाय. तेवढाच झाला होता गं, फक्त उलटा.

सांगणं भागच होतं. म्हटलं, बाबा, ती येत नाहीये. तारा येतोय. तिचं म्हणणं खरं ठरलं, म्हणजे ती आता तिथेच राहणार. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. तुझी उशी मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिले. मला वाटलं आता तुझ्या साहेबांचा उद्धार होणार. पण त्यांनी विचारलं, तो तारा इथपर्यंत येणार का? मी म्हटलं, नाही, थोडे दिवस येतो आणि मग परत जातो. त्याच्या सोबतचा ओढतो ना त्याला. सोबतचा दिसतो का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, ओढीवरूनच कळतो. त्यांनी उशीचा अभ्रा सरळ केला.

“गेला तरी पुन्हा येतो ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मी चादर काढायला गेले तर हात धरला. राहू दे म्हणाले. शेगडी तेवढी विझवली.

पेंगेली काल चर्चमध्ये केस कापून आला होता. त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही, ते तुझ्या पुढच्या पत्राने होऊ दे. साहेब काय म्हणाले, कसे म्हणाले, तोंड कसं केलं होतं, सगळं सविस्तर लिही. आणि तुझी स्वतःची एक फेरी किती दिवसांत पुरी होते, ते बाबांना वेगळ्या कागदावर कळव. त्यांनी मुद्दाम विचारलंय.

इथली ओढ आहे तशीच आहे, एवढं समजून अस.

तुझी,
टॅमझिन